उंच टाकी की जमिनीवरची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पहिला, खांबांवरच्या उंच टाकीने वीज वाचते हे शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या माझ्या लेखातलं वाक्य चूक आहे. दुसरा, पुण्यातल्या नव्या सोसायट्या प्रेशर पंपावर चालतात, तर ६०,००० वस्तीच्या शहरानेही जमिनीवर टाकी बांधून पंपाने थेट नळात पाणी सोडावं, उंच टाकीवर पैसा घालू नये.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. पाणी २० मीटर चढवायला दोन्हीकडे वीज तेवढीच लागते. उलट उंच टाकीसाठी सखल भागाचं पाणीही आधी वर न्यावं लागतं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

दुसरा मान्य नाही. माणशी १३५ लिटर आणि वर १५ टक्के गळती धरली, तर रोजचे सुमारे ९३ लाख लिटर होतात. उंच टाकी असेल तर पंप १६ तास एकाच गतीने चालवता येतो, तासाला ५.८ लाख लिटर. थेट नळात द्यायचं तर पंप सकाळच्या गर्दीला पुरला पाहिजे. या आकाराच्या शहराला गर्दी सरासरीच्या अडीचपट धरतात, म्हणजे तासाला ९.७ लाख. २५ मीटर हेडला (पाणी चढवायची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून) पहिल्याला साधारण ५६ किलोवॉट लागतात, दुसऱ्याला ९५. स्टँडबाय पंप आणि जनरेटरही त्याच मापाचे घ्यावे लागतात. व्हीएफडीने (पंपाची गती कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) गती उतरते, पण पहाटे तीनच्या मागणीला मोठा पंप परवडत नाही, म्हणून शेजारी लहान पंप बसवावा लागतो.

खरी भीती वीज गेल्यावरची आहे. पंप ट्रिप झाला की काही सेकंदांत लाइनचा दाब कोसळतो आणि चढावरच्या भागात तो उणे होतो. मग गटारातून गेलेल्या नळजोडाच्या गंजक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. सोसायटीचे पाइप डक्टमध्ये असतात, शहराचे गटाराशेजारी. ही तुलना म्हणूनच टिकत नाही.

मात्र टेकडी जवळ असेल तर जमिनीवरचीच टाकी बांधा, दुसरा विचारही नको. पुण्यात पाणी बंद असल्याच्या सूचनेत ‘पर्वती एचएलआर’, ‘एमएलआर’, ‘एलएलआर’ अशी नावं येतात. ती वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीच्या टाक्यांची आहेत. खांबांचं काम तिथे पर्वती टेकडीनेच केलं आहे.

टेकडी नसेल तर जमिनीच्या लेव्हल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या, काढा. समजा सर्वांत उंचावरच्या घराची जमीन ५६२ मीटरवर आहे. दुमजली घराला १२ मीटर शिल्लक दाब (१२ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका) हवा, पाइपातल्या घर्षणात ६ मीटर जातात. म्हणजे टाकीतली किमान पाणीपातळी ५८० वर हवी. जागा ५६५ वर असेल तर १५ मीटरचे खांब, ५७२ वर मिळाली तर फक्त ८. नगरपालिकेची मोकळी जागा आहे एवढ्यावरून बाजारतळाच्या खोलगटात टाकी उभी करतात, तिथे सात-आठ मीटर काँक्रीट फुकट जातं. नदीकाठची पेठ ५३५ वर असेल तर तिचा झोन (वेगळ्या दाबाचा पुरवठा विभाग) वेगळा काढा. नाहीतर रात्री वापर थांबला की तिथे जवळपास ५० मीटर दाब येतो आणि जुने सांधे सुटतात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जिथे घरोघर पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथे आपण दिलेला १२ मीटर दाब त्या खड्ड्यातच वाया जातो. अशा भागात ७ मीटर धरले तरी चालतं.

साठवण एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाची धरली तर ३१ लाख लिटर होते. ती सगळी वर नेऊ नका. निम्मी उंच टाक्यांत ठेवा, निम्मी शुद्धीकरण केंद्राजवळ जमिनीवर. वरचे साडेपंधरा लाख सरासरी वापराला चार तास पुरतात, गर्दीत दीड तास. नेमकी विभागणी तासावारी वापराच्या नोंदीवरून ठरवा.

खालची टाकी जमिनीत पुरणार असाल तर ती रिकामी असतानाचा हिशोब आधी करा. पावसाळ्यात भूजल तळाच्या वर २ मीटर चढलं तर दर चौरस मीटरला २ टनांची उचल लागते, आणि ३० सेंटिमीटरच्या तळस्लॅबचं वजन पाऊण टन. भिंती, छत आणि वरची माती मिळून उरलेला भार भरला नाही, तर ऑगस्टमध्ये धुण्यासाठी उपसलेली टाकी तळासकट उचलली जाते. धुलाई मे महिन्यात उरका.