तोयामा स्टेशन: फलाटाच्या खाली काय आहे ते बघा

जपानच्या होकुरिकू भागात फिरायला येणारे आपले लोक कानाझावाला उतरतात, स्टेशनासमोरच्या त्या भल्यामोठ्या लाकडी दरवाजाखाली फोटो काढतात आणि पुढच्या प्रेक्षणीय स्थळाकडे निघतात. दरवाजा देखणा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मला विचाराल तर या पट्ट्यातलं सगळ्यात विचार करून बांधलेलं स्टेशन कानाझावाच्या अलीकडे, शिनकान्सेननं, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेननं, वीस-बावीस मिनिटांवर आहे. तोयामा. त्याचे फोटो फारसे कुणी टाकत नाही, कारण बाहेरून ते जपानातल्या इतर चार स्टेशनांसारखंच दिसतं. त्याची खरी कमाल फलाटांच्या खाली आहे.

शिनकान्सेनमधून उतरा, खाली या, गेटमध्ये तिकीट सरकवून बाहेर पडा. समोरच ट्रामचा थांबा. रस्ता ओलांडायचा नाही, पुन्हा जिना चढायचा नाही, छत्री उघडायची नाही. तोयामाचा हिवाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना छत्री न उघडण्याची किंमत कळेल. इथला बर्फ हलका भुरभुरणारा नसतो, ओला आणि जड असतो, आणि त्यात मधूनच पाऊस मिसळतो. अशाच एका दिवशी मी थांब्यावर उभा होतो. शेजारी एक आजी, हातात चाकाची कापडी पिशवी, तिच्यातून कांद्याच्या जाड पातीची टोकं बाहेर आलेली. ट्राम आत शिरली, टपावरचा बर्फ वितळून कडेनं ठिबकत होता. दार उघडलं. आजींनी पिशवी उचलली नाही, नुसती पुढे ढकलली. फलाट आणि ट्रामची जमीन एका पातळीवर असल्यामुळे चाकं फटीवरून टक् करून पलीकडे गेली. ड्रायव्हर जागचा हलला नाही, कुणी हात द्यायला धावलं नाही, कारण त्याची गरजच नव्हती. म्हाताऱ्या माणसाला कुणाचे उपकार न घेता गाडीत चढता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

आणि ही ट्राम शिनकान्सेनच्या खालून आरपार जाते, दक्षिणेकडून उत्तरेकडे. ऐकायला साधं वाटतं. पण या शहराला तिथवर पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

स्टेशन आत्ताच्या जागी आलं १९०८ मध्ये, आणि तेव्हापासून रुळांनी शहराचे दोन भाग केले. दक्षिणेला किल्ला, सरकारी कचेऱ्या, बाजारपेठ. उत्तरेला फुगान कालवा आणि त्याच्या काठचे कारखाने. या कालव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिन्झू नदी पूर्वी शहराच्या मधून वळण घेत वाहायची आणि पुराचा त्रास व्हायचा, म्हणून तिचा प्रवाह सरळ केला. जुनं पात्र कोरडं पडलं. मग १९३० च्या दशकात उत्तरेला बंदरापर्यंत कालवा खणला आणि त्याची माती आणून ते जुनं पात्र भरलं. प्रांताची मुख्य कचेरी आज त्याच भरावावर उभी आहे. म्हणजे उत्तरेच्या मातीवर दक्षिणेचं शहर वसलं, आणि मधल्या रुळांमुळे दोघांची गाठ पडेना. पुढे १९४५ च्या ऑगस्टमधल्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग जवळजवळ पूर्ण जळाला. शहर नव्यानं उभं राहिलं, तरी रुळांची भिंत तिथेच राहिली. इकडून तिकडे जायचं तर भुयारी वाट.

मग शिनकान्सेन यायचं ठरलं. स्टेशन उंचावर न्यायचं म्हणजे जुन्या गाड्यांचे रूळही वर घ्यायचे. त्यात एक छोटा मार्ग आडवा आला: स्टेशनापासून उत्तरेला इवासेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारा, सुमारे आठ किलोमीटरचा. प्रवासी घटलेले, गाडी जवळपास तासाला एक. त्याच्यासाठी पूल बांधणं परवडणारं नव्हतं. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मार्ग बंद करतात, चार बस सोडतात, दोन वर्षांनी बसही बंद होतात.

तोयामानं उलट केलं. पूल नको, पण मार्ग हवा, म्हणून स्टेशनाजवळचा भाग रस्त्यावर उतरवला आणि अख्ख्या मार्गाची ट्राम केली. २९ एप्रिल २००६ ला ती सुरू झाली. सात गाड्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, दिवसा पंधरा मिनिटांना एक. कामाच्या दिवसांतले प्रवासी आधीच्या दुपटीच्या घरात गेले. माणसं तीच, गाव तेच. बदललं एवढंच की वेळापत्रक खिशात ठेवायची गरज संपली.

मोरी मासाशी तेव्हा महापौर होते, २००२ पासून २०२१ पर्यंत. त्यांची भूमिका मला पटते. ते म्हणत, शहर पसरत चाललंय, घरटी गाड्या वाढताहेत, लोक म्हातारे होताहेत. रस्ते, पाण्याच्या लाइनी आणि बर्फ हटवायचा खर्च असाच वाढत राहिला तर पुढच्या पिढीला झेपणार नाही. म्हणून लोकांनी रुळांच्या आसपास राहावं. सक्ती नाही, पण तिथे राहणं सोयीचं करायचं. ६५ वर्षांवरच्या नागरिकांना शहराच्या मध्यभागी यायला एका फेरीला १०० येनचा पास. ठरावीक दुकानांतून फुलांचा गुच्छ घेऊन ट्राममध्ये चढलात तर तिकीट नाही! शहरात फुलं घेतलेली माणसं दिसावीत म्हणून एखादी पालिका पैसे सोडते, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

२००९ मध्ये मध्यभागात ट्रामचं वर्तुळ पूर्ण झालं. रूळ आणि गाड्या महापालिकेच्या, चालवायचं काम खासगी कंपनीचं. रस्ता बांधताना आपण तो नफ्यात चालेल का असं विचारत नाही. रुळांनाच तो प्रश्न का? माझा सगळा आग्रह या मुद्द्यावर आहे.

१४ मार्च २०१५ ला शिनकान्सेन आली आणि त्याच दिवशी दक्षिणेकडची ट्राम स्टेशनाच्या पोटात शिरली. मधला तुकडा मात्र बाकी होता, कारण बाकीचे रूळ वर जायला २०१९ उजाडलं. शेवटी २१ मार्च २०२० ला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. कोरोनाची सुरुवात होती, समारंभ आटोपशीर झाला, जगानं दखल घेतली नाही. पण त्या दिवसापासून इवासेहून निघालेली ट्राम थेट बाजारात जाते, एकाच तिकिटात.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तोक्यो सव्वादोन तासांच्या आत आलं, पण ओसाकाची थेट गाडी गेली. पूर्वी ओसाकाची गाडी थेट तोयामाला यायची. आता त्सुरुगाला उतरून बदलावी लागते, सामान आणि लहान मूल बरोबर असेल तर ते जाणवतं. शिनकान्सेन आल्यावर जुना मुख्य मार्ग रेल्वे कंपनीनं सोडला, तो आता प्रांत आणि गावं मिळून काढलेली कंपनी चालवते. आणि जी कंपनी ट्राम चालवते तिचेच डोंगराकडचे आणि गावांकडचे रेल्वेमार्ग तोट्यात आहेत. त्यातले काही तुकडे ठेवायचे की नाही यावर चर्चा सुरू आहे. शहरात ट्रामवर खर्च करताना वापरलेला तर्क गावाकडच्या रुळांनाही लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. तिथल्या आजींनाही बाजारात यायचंच असतं.

हे सगळं मराठीत का लिहितोय? कारण याच शिनकान्सेनच्या तंत्रज्ञानावर मुंबई–अहमदाबाद मार्ग बांधला जातोय, ५०८ किलोमीटर, आणि त्यातली चार स्टेशनं महाराष्ट्रात आहेत. आपल्याकडे चर्चा ताशी ३२० च्या वेगाची होते. ठाण्याचं स्टेशन म्हातार्डीला, दिव्याजवळ होतंय, आत्ताच्या ठाणे स्टेशनापासून दूर. तिथे उतरलेल्या माणसाला डोंबिवलीला, घोडबंदरला, कळव्याला कशानं जायचंय? पावसात, दोन बॅगा आणि सत्तरीतली आई घेऊन? रिक्षाच्या रांगेत उभं राहून? हा प्रश्न स्टेशन उघडल्यावर नाही, खांब उभे राहताना विचारायचा असतो. तोयामात ट्रामसाठी खालची जागा स्टेशनाच्या आराखड्यातच धरली होती, म्हणून पाच वर्षांनी का होईना, रूळ जुळू शकले. विरार आणि बोईसरच्या मंडळींनीही आपल्या नगरसेवकांना, आमदारांना हे आत्ताच विचारावं. आराखडे मागवून बघा, बस आणि रेल्वेची जोडणी कागदावर कुठे आहे ते शोधा, आणि सापडलं तर इथे टाका.