‘पत्रं आठ-आठ दिवस तपासत नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सिस्टर,

आमच्या ओईटीच्या, म्हणजे परदेशात नर्सिंग करायला जाताना द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. एक स्टार द्यायचा का पाच ते तुमचं तुम्ही ठरवायचं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण खाली जे लिहिलंय की "ओईटीच्या क्लासला २२ हजार भरले, रायटिंगची पत्रं आठ-आठ दिवस तपासत नाहीत म्हणून माझा सी प्लस आला, वर मॅडम सगळ्यांसमोर बोलतात", ते आता राजारामपुरीपासून गारगोटीपर्यंतच्या पोरी वाचायला लागल्यात, आणि काल एका मुलीच्या आईनं फोन करून विचारलं की तुमच्याकडं पेपर तपासतच नाहीत म्हणे, म्हणून लिहायला बसले.

आधी ते आठ दिवस. तुम्ही ज्या पत्राबद्दल बोलताय ते डायबेटिक पेशंटचं, पायाची जखम, डिस्चार्जनंतर पेशंटच्या घरी जाणाऱ्या नर्सला लिहायचं होतं ते. तुम्ही ते मंगळवारी रात्री पावणेबाराला व्हॉट्सॅपला टाकलं, फोटो आडवा, उजवी बाजू कापलेली, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गायब. मी बुधवारी सकाळीच मेसेज केला की परत नीट फोटो काढून पाठवा, निळ्या टिका पण आल्या. दुसरा फोटो आला रविवारी. सोमवारी रात्री पत्र तपासून तुमच्या हातात होतं. आता मंगळवार ते सोमवार बोटावर मोजलं तरी सातच होतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस पत्र माझ्याकडं पूर्ण आलंच नव्हतं. तुमची नाइट चालू होती हे मला माहितीय, मीपण वॉर्डात नाइट केल्यात, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. पण मग "आठ-आठ दिवस" कुठनं आलं, आणि ते पण सगळ्या पत्रांना?

आणि तपासणं म्हणजे स्पेलिंगवर गोल करून देणं नव्हे. रायटिंगला सहा निकष असतात, पर्पज, म्हणजे पत्र कशासाठी लिहिलंय ते, ३ मार्कांना आणि बाकीचे पाच प्रत्येकी ७ ला, मी प्रत्येकाखाली वेगळं लिहून देते. पत्र १८० ते २०० शब्दांचं पाहिजे, तुमचं तीनशेला टेकलेलं, त्यात पेशंटचा मुलगा बँकेत आहे आणि त्यांना बागकामाची आवड आहे इथपर्यंत सगळं उतरवलेलं, पण ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं ते शेवटच्या ओळीत. घरी जाणाऱ्या नर्सला आधी काय पाहिजे सांगा. हे मी समासात लिहिलं होतं, लाल पेनानं, तो कागद तुमच्याकडं असेल तर त्याचा पण फोटो टाका की रिव्ह्यूत. घरी दीड तास घेऊन लिहिलेलं पत्र आणि परीक्षेतली ४५ मिनिटं, त्यातली पहिली पाच नुसती वाचायची, पेन लावायचं नाही, हे वेगळं पडतं, तेही पहिल्या आठवड्यात सांगितलेलं.

बरं, तुम्हीच रिझल्ट लिहिलाय म्हणून बोलते, नाहीतर मी कुणाचे मार्क असे उघड करत नाही. रायटिंग ३२०, लिसनिंग ३४०, बाकी दोन्हीत बी. तुम्हाला जायचंय यूकेला. यूकेच्या एनएमसीला, म्हणजे तिथं नर्सचं रजिस्ट्रेशन करणाऱ्या संस्थेला, रायटिंगमध्ये सी प्लस चालतो, म्हणजे ३०० पुरतात! बी म्हणजे ३५० लागतात ते रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला. म्हणजे रायटिंग तुमचं पास आहे सिस्टर, अडलंय ते लिसनिंगला, दहा मार्कांनी. ज्या विषयासाठी मला शिव्या घातल्या त्याच विषयात तुम्ही सुटलाय.

आणि लिसनिंगच्याच तासाला मी "सगळ्यांसमोर" बोलले ना? ऑडिओ एकदाच ऐकवतात, परत नाही. पार्ट एला पेशंटचं बोलणं ऐकत ऐकत २४ जागा भरायच्या असतात. तुम्ही मध्येच फोन घेऊन जिन्यात गेला, परत येऊन शेजारच्या मुलीला विचारायला लागला, तिच्या पण दोन जागा चुकल्या. मी म्हटलं फोन बाहेर ठेवून बसा. आवाज चढला असेल माझा, त्याचं वाईट वाटलं असेल तर माफी मागते. पण बाकीच्या मुलींनी पण तेवढेच पैसे भरलेत.

क्लास साडेसहाचा सातला चालू होतो असंही तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे, ड्यूटीचा हँडओव्हर करून दसरा चौकातल्या ट्रॅफिकमधनं पोरी येतात, कुणाची सुरुवात बुडू नये म्हणून थांबते. यापुढं वेळेचं बघू काहीतरी.

फीबद्दल एवढंच, की ओईटीच्या परीक्षेची फी वेगळी, ती ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये भरायची असते, त्यातला रुपया माझ्याकडं येत नाही. आणि "फॉरेनला पाठवतो म्हणून पैसे घेतात" असं तुम्ही लिहिलंय ते कृपा करून लिहू नका. नोकरी लावून देण्याचे पैसे नर्सकडून घ्यायचे नाहीत असं यूकेच्या भरतीच्या नियमातच आहे, आम्ही फक्त शिकवायची फी घेतो, पावती देतो.

रविवारचं रिव्हॅलिडेशनचं, म्हणजे यूकेतलं रजिस्ट्रेशन पुढं चालू ठेवण्याचं, सेशन "टाइमपास" वाटलं तुम्हाला. तिथं दर तीन वर्षांनी ४५० तास प्रॅक्टिस, ३५ तास सीपीडी (नोकरी करत पुढचं शिकणं) आणि त्यातले २० तास दुसऱ्यांबरोबर बसून केलेले, शिवाय आपल्या कामावर पाच लेखी टिपणं, हे दाखवल्याशिवाय रजिस्ट्रेशन पुढं चालत नाही. इथं आपण रिन्यूअल जवळ आलं की सर्टिफिकेटं गोळा करत पळतो, तिथं ते जमत नाही. गेलेल्या मुली तिथनं फोन करून हेच विचारतात, म्हणून ते सेशन ठेवलंय, आणि त्याचे वेगळे पैसे पण नाहीत.

पत्रं तपासायला आणखी एक मॅडम घ्यायचा विचार चालू आहे, जमेल तसं करू.

परत पूर्ण परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, दोन अटेम्प्टचे स्कोअर एकत्र धरतात, फक्त दोन्ही बारा महिन्यांच्या आत पाहिजेत, आणि दुसऱ्या वेळी रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग सी प्लसच्या खाली घसरता कामा नये. तारीख बघून फॉर्म भरा. लिसनिंगच्या तासाला येऊन बसायचं असेल तर या, पैसे मागणार नाही. रिव्ह्यू काढा असंही म्हणत नाही, पण ते "आठ-आठ दिवस" तेवढं दुरुस्त करा.