घाटा आणि घड्याळ

पन्नाशीच्या वाढदिवसाला लेकीने मनगटावर बांधायचं स्मार्ट घड्याळ दिलं आणि मी जिमला नाव घालायचं ठरवलं. आईला हे कळलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैसा दिसन घाम गायाले जास का रे भाऊ? घरमा काम कमी शे का?"

चैत्र संपत आलेला. धुळ्यात या दिवसांत घाम गाळायला जावं लागत नाही, तो स्वतःहून येतो. पण आईशी वाद घालून आमच्या घरात कोणी जिंकलेलं नाही. जिम बारगळली आणि बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, दिवशी मला पहाटे पाचला उठवण्यात आलं.

ज्यांना बिबड्या फक्त ताटात भेटल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवायची, जाडसर दळायची. मग भल्यामोठ्या भगोन्यात पाण्याला उकळी आणून त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, हिंग घालायचं आणि ते पीठ वैरायचं. इथपर्यंत स्वयंपाक. यापुढे कुस्ती. पाच किलो ज्वारीचा घाटा आटायला लागला की आतला दांडा कोणीतरी धरून ठेवलाय असं वाटतं. दहाव्या मिनिटाला माझा खांदा बोलू लागला, पंधराव्याला कंबर. जरा थांबलो की मागून आवाज : "हात थांबाडू नको, खाले लागी जाई!"

एवढ्यात मनगट थरथरलं. घड्याळ विचारत होतं, नाव वल्हवताय का?

मे तोंडावर आलाय, पांझरेत पाय बुडवायला पाणी शोधावं लागतं, आणि हे म्हणतंय नाव! मी मुकाट्याने 'हो' दाबलं. घाटा ढवळण्याचा पर्यायच नव्हता. आमच्या आया-मावश्यांनी शंभर वर्षं ढवळलेल्या घाट्याची नोंद कुठल्याच यंत्रात नाही, आणि दहा हजार पावलांचं मात्र जगभर कौतुक. तो आकडाही काही कुणा वैद्यांनी नाडी धरून काढलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. यंत्राचं नाव होतं, आपण त्याचं व्रत केलं.

नंतर जिना. घमेलं भरभरून गरम घाटा गच्चीवर न्यायचा, रिकामं घमेलं घेऊन उतरायचं, परत चढायचं. १९५३ साली लंडनच्या बसवाल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. तिसऱ्या फेरीला मला तो आठवला आणि आपण आता कंडक्टर झालो म्हणून बरं वाटलं. पण कंडक्टर निदान घंटी वाजवून बस थांबवू शकतो. इथे घंटी आईच्या हातात.

गच्चीवर ओल्या धोतरावर बायका बिबड्या थापत बसल्या होत्या. शेजारच्या आजी, वय बहात्तर, दोन तास उकिडव्या बसून थापत होत्या आणि वर कोणाची सून कशी हेही सांगत होत्या. मग गुडघ्याला हात न लावता उठल्या. मी फक्त चार बिबड्या थापल्या. त्यातली एक गोल होती. उठताना मात्र मला दोघींनी धरलं.

"जिममा जास ना हाई?" आजींनी आईला विचारलं.

"जाई राहिंता," आई म्हणाली. "वाचना."

दुपारभर छत्री घेऊन कावळे हाकले. तेवढ्यात वाटीभर उरलेला घाटा आणि त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल समोर आलं. सकाळपासून जाळलेल्या सगळ्या कॅलऱ्या मी तिथंच, दुसऱ्या वाटीपर्यंत, परत मिळवल्या. तिसरीही घेतली. खोटं का बोला.

संध्याकाळी हात खांद्याच्या वर जाईना, केस विंचरायला लेकीला बोलवावं लागलं. घड्याळ पाहिलं : पावलं ३,१४०. खाली सूचना, 'आज तुम्ही बराच वेळ बसून होता. थोडं हलाल का?'

मी ते काढून उशीखाली घातलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला :

"भाऊ, कुरडयासना गहू भिजाडेल शेतस. परवा लवकर ऊठजो!"