‘परिच्छेद वाचू नका’ म्हणणाऱ्या सहा नियमांविषयी

प्रवेश परीक्षांचा मोसम जवळ आला की एक चित्र या फोनवरून त्या फोनवर फिरू लागतं. वर ठळक अक्षरं: ‘गाळलेलं वाक्य कुठे बसेल? परिच्छेद वाचू नका! 20 सेकंदांत अचूक उत्तर.’ खाली सहा नियम असतात. ‘धिस’, ‘दीज’, ‘सच’ दिसलं की ते ज्या नामाकडे बोट दाखवतं ते शोधा आणि वाक्य त्याच्या मागोमाग लावा. वाक्यातला ठळक शब्द परिच्छेदात जिथे पुन्हा येतो, तिथेच वाक्य बसतं. ‘हाउएवर’ असेल तर उलट अर्थाच्या वाक्यानंतरची जागा घ्या. पहिली आणि शेवटची जागा कधीच बरोबर नसते. सामान्य विधान आधी, तपशील नंतर. आणि काहीच सुचलं नाही तर 2 किंवा 3 लावून पुढे चला.

ज्यांनी हा प्रश्न पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: एक परिच्छेद असतो, त्यात चार रिकाम्या जागा आकड्यांनी दाखवलेल्या असतात आणि एक सुटं वाक्य दिलेलं असतं. ते कुठल्या जागी चपखल बसेल ते सांगायचं. 2022 पासूनच्या कॅटच्या, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेच्या, पेपरांत हा प्रश्न दिसतो आहे. टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या वाचन विभागात तर चार चौकोनांचा असाच प्रश्न वर्षानुवर्षं होता.

हे नियम सपशेल खोटे असते तर एवढे फिरलेच नसते. अर्धे खरे आहेत, म्हणूनच घात करतात. या सगळ्यांत दोष एकच आहे. ते वाक्याला फक्त मागे बघायला शिकवतात. वाक्याला पुढची बाजूही असते, आणि प्रश्न काढणारा सापळा बहुतेक वेळा त्या बाजूला लावतो.

आधी 20 सेकंदांचं बघू. असा परिच्छेद साधारण सव्वाशे-दीडशे शब्दांचा असतो. मिनिटाला 220 शब्द या बऱ्यापैकी वेगाने 130 शब्द वाचायला 35 सेकंद लागतात, तेही एकदाच. म्हणजे 20 सेकंदांत उत्तर देणाऱ्याने परिच्छेद वाचलेलाच नाही, आणि चित्रही तेच सांगतं. हा वेळ वाचवायची खरंच गरज आहे का? अलीकडच्या कॅटमध्ये हा प्रश्न ज्यात येतो त्या इंग्रजीच्या विभागाला 40 मिनिटांत 24 प्रश्न असतात, त्यांतले 16 मोठ्या उताऱ्यांवरचे. सरासरी प्रश्नाला 100 सेकंद पडतात. उताऱ्यांना जास्त वेळ दिला, तरी या एका प्रश्नाला सव्वा-दीड मिनिट देता येतं. तेवढ्यात परिच्छेद वाचून, वाक्य बसवून, पुन्हा तपासूनही होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पहिले दोन नियम. उदाहरण मराठीतच घेतो. परीक्षा इंग्रजीत असली, तरी वाक्यांची साखळी कशी जुळते हे बघायला मराठी पुरते. परिच्छेद असा:

‘जहाज विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहे, हे खलाशी ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून ओळखत. (1) पूर्व-पश्चिम स्थान मात्र आकाशाकडे बघून सहज कळत नसे. (2) पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे निघाल्या बंदरातली वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांतला फरक कळला की रेखांश काढता येतो. (3) पण लंबकाचं घड्याळ लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात नीट चालेना. (4) अखेर 1759 मध्ये जॉन हॅरिसनने लंबक नसलेलं, हातात मावेल असं समुद्री घड्याळ पूर्ण केलं.’

सुटं वाक्य: ‘खरं तर हा प्रश्न घड्याळाचा होता.’

ठळक शब्दाचा नियम लावा. ‘घड्याळ’ हा शब्द कुठे आहे? तिसऱ्या जागेच्या लगेच पुढे, आणि चौथ्या जागेच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे उत्तर 3 किंवा 4. प्रश्न काढणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

3 वर वाक्य ठेवून वाचा: ‘…रेखांश काढता येतो. खरं तर हा प्रश्न घड्याळाचा होता. पण लंबकाचं घड्याळ… चालेना.’ कानाला फारसं खटकत नाही. पण त्या ‘पण’कडे बघा. तो ‘काढता येतो’ला अडवायला आलेला आहे: काढता येतो, पण घड्याळच चालत नाही. या दोघांच्या मध्ये तिसरा आणून बसवला की ‘पण’ला अडवायला समोर कुणी उरत नाही. घट्ट बसलेली जोडी आपण फोडली. 4 वर ठेवलं तर गंमत वेगळी. तोवर वाचकाला कळून चुकलेलं असतं की सगळा खेळ घड्याळाचा आहे. बातमी सांगून झाल्यावर ‘बातमी आहे बरं का’ म्हणण्यासारखं ते होईल. 1 वर तर अजून कुठली अडचणच उभी राहिलेली नाही, तेव्हा ‘हा प्रश्न’ कुठला?

उरली जागा 2. मागच्या वाक्यात आकाशाकडे बघून कळत नाही ही अडचण आहे, ती झाली ‘हा प्रश्न’. आकाशाच्या तोडग्याला बाजूला सारून घड्याळाकडे वळणं, हे ‘खरं तर’चं काम. आणि पुढच्या बाजूला काय आहे? रेखांशाची अडचण घड्याळाची कशी काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतो आणि ‘पृथ्वी तासाला 15 अंश फिरते’ हे वाक्य लगेच त्याचं उत्तर देतं. त्या उत्तरात घड्याळ हा शब्दच नाही. शब्द शोधणाऱ्याला ते दिसणार नाही. अर्थ वाचणाऱ्याला ते पहिल्या फेरीतच दिसेल.

यातून ‘धिस’च्या नियमाचीही कमजोरी उघडी पडते. आपण मराठी माणसं इथे जरा जास्तच घसरतो, असं माझं निरीक्षण आहे. मराठीत दर्शक सर्वनामाला लिंग आणि वचन असतं. ‘हा’ म्हटलं की पुल्लिंगी नाम हवं, ‘ही’ म्हटलं की स्त्रीलिंगी किंवा नपुंसकलिंगी अनेकवचनी, त्यामुळे धागा पकडायला निम्मी मदत भाषाच करते. इंग्रजीतलं ‘धिस’ ती मदत करत नाही. शिवाय नुसतं ‘धिस’ पुष्कळदा एखाद्या नामाकडे बोट न दाखवता मागच्या अख्ख्या वाक्याकडे, कधी मागच्या तीन वाक्यांतून तयार झालेल्या कल्पनेकडे बोट दाखवतं. नाम शोधत बसलं तर ते सापडत नाही, किंवा भलतंच सापडतं. ‘धिस’च्या पाठीला नाम जोडलेलं असेल, जसं ‘धिस पॅरडॉक्स’, तर शोधायचं असतं ते ‘पॅरडॉक्स’ या शब्दाला नव्हे, तर ज्यात विरोधाभास घडतो आहे अशा मजकुराला. तिथे तो शब्द आलेलाच नसतो. आला असता तर लेखकाला नाव द्यायची गरज पडली नसती.

या भागात खुणांची एक गोष्ट मान्य करतो, चित्रात ती नसली तरी. व्यक्तीचं पूर्ण नाव आधी आणि नुसतं आडनाव नंतर, हा इंग्रजी वैचारिक गद्याचा रिवाज आहे, आणि तो भरवशाचा आहे. दिलेल्या वाक्यात पूर्ण नाव आणि ओळख असेल, तर ते वाक्य आडनावाच्या आधीच येणार. एखादी वस्तू पहिल्यांदा येताना ‘अ’, नंतर ‘द’, हेही बरंचसं खरं. पण ‘द सन’ म्हणायला आधी सूर्याची ओळख करून द्यावी लागत नाही, एवढं भान ठेवावं.

‘हाउएवर’. नियम म्हणतो, मागचं वाक्य उलट अर्थाचं हवं. पहिली अडचण: विरोध मागच्या एकाच वाक्याशी असेल असं नाही. तीन वाक्यं एखाद्या मताची बाजू मांडतात, तिसरं वाक्य नुसतं उदाहरण असतं, आणि ‘हाउएवर’ त्या मतावर येतं. उदाहरणाच्या उलट काही शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. दुसरी अडचण अधिक मजेची आहे. ‘हाउएवर हार्ड दे ट्राय’ यातल्या ‘हाउएवर’चा अर्थ ‘तथापि’ नाहीच, ‘कितीही’ आहे. तिथे मागच्या वाक्याशी विरोध असण्याचं कारणच नाही. ‘सिन्स’चंही तसंच: कधी ‘पासून’, कधी ‘कारण’. ‘इन फॅक्ट’ तर आपल्या ‘खरं तर’सारखंच दुतोंडी आहे; कधी मागचं विधान आणखी ठासून सांगतं, कधी ते खोडून काढतं. खुणेचा शब्द दिसला म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे. तो शब्द तिथे काय करतो आहे, हे परिच्छेद वाचल्याशिवाय ठरत नाही.

पहिली आणि शेवटची जागा कधीच बरोबर नसते, हा नियम कुठून आला असेल याचा मी अंदाज करू शकतो. परिच्छेदाच्या तोंडाशी असलेल्या जागेला मागची बाजू नसते, शेवटच्या जागेला पुढची नसते. एकच बाजू तपासता येते, म्हणून प्रश्न काढणारा त्या टाळत असेल असं कुणाला तरी वाटलं. पण हे बघा:

‘(1) ही समजूत डॉल्फिनपाशी लंगडी पडते. त्याच्या मेंदूचा अर्धा भाग झोपतो, तेव्हा दुसरा अर्धा जागा असतो.’

सुटं वाक्य: ‘झोप म्हणजे अख्ख्या मेंदूने एकदम घेतलेली विश्रांती, असं आपण धरून चालतो.’

सुट्या वाक्यात एकही खूण नाही. मागे बोट दाखवणारं सर्वनाम नाही, जोडशब्द नाही. खूण आहे ती परिच्छेदात: ‘ही समजूत’ अनाथ होऊन उभी आहे, तिला आईबाप हवेत. वाक्य पहिल्या जागी ठेवण्यावाचून इलाज नाही. जो माणूस सुट्या वाक्यातच खुणा शोधत बसला आणि 1 आधीच खोडून बसला, त्याच्यासाठी हा प्रश्न संपला. कॅटची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका परीक्षेनंतर जाहीर होतात. ‘कधीच नसते’ हे खरं की खोटं, ते दोन-तीन वर्षांचे पेपर उघडून स्वतः मोजावं. चित्रावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

‘सामान्य आधी, तपशील नंतर’ यावर फार शाई खर्च करत नाही. जितके लेखक तसं लिहितात, तितकेच दोन प्रसंग सांगून मग विधानाकडे येतात. वरच्या जहाजाच्या परिच्छेदात सामान्य म्हणावं असं वाक्य मधेच येतं.

शेवटचा नियम: सुचलं नाही तर 2 किंवा 3. यात गणित आहे, तेव्हा गणितच करू. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला 1 वजा. चारांतून डोळे मिटून एक लावलं तर सरासरी लाभ 3 गुणिले पाव वजा 1 गुणिले पाऊण, म्हणजे शून्य. मधली जागा लावा नाहीतर कडेची, शून्यच. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो. दोन खोडता आले तर पूर्ण 1 गुण. फायदा येतो तो पर्याय खोडण्यातून, आणि खोडण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे वर केलं ते: इथे वाक्य ठेवलं तर कुठली जोडी फुटते, एवढं बघायचं. खरं उत्तर सापडलं नाही तरी फुटलेल्या जोड्या सहसा सापडतात. न खोडता 2 लावणाऱ्याने मात्र तेवढा वेळ पुढच्या प्रश्नाला द्यावा.

मग करायचं काय, असं विचाराल. मी सुटं वाक्य आधी वाचत नाही. आधी परिच्छेद वाचतो, जागांचे आकडे नाहीतच असं समजून, आणि कुठे पाय अडखळतो ते बघतो. एखादी समजूत अनाथ आहे का, एखादं उत्तर प्रश्नाशिवाय आलं आहे का. मग वाक्य उचलून तिथे ठेवतो आणि मागचं, ते, पुढचं अशी तीन वाक्यं सलग वाचतो. कधी अडखळणं जाणवतच नाही. वाक्य काढूनही परिच्छेद सुरळीत चालतो. ते प्रश्न खरोखर अवघड असतात, आणि तिथे प्रत्येक वाक्य काय काम करतं आहे (अडचण मांडतं, कारण देतं, दाखला देतं) हे मनाशी ठरवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

सरावाला पेपर संपले की एखाद्या अग्रलेखातला परिच्छेद घ्या, मधलं एक वाक्य काढून वेगळ्या कागदावर लिहा आणि दोन दिवस विसरून जा. मग बसवून बघा. मी हे बरेचदा करतो. मीच काढलेलं वाक्य मीच चुकीच्या जागी बसवलं, असंही झालं आहे. अशी दोन वाक्यं मला नीट आठवतात. दोन्हींत एक शब्द शेजारच्या वाक्यातही होता, आणि मी तेवढ्यावरच हुरळलो होतो.