दाढीचं कापणं आपोआप भरतं, डाग पडतो तो उपायांनी

कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. दाढी करताना कापलं तर लगेच तुरटी घासा. मग टूथपेस्ट, हळद-लिंबाचा लेप किंवा घरातलं कुठलंही अँटिबायोटिक मलम लावा. जखम उघडी ठेवा म्हणजे झटपट खपली धरेल. खपली पडली की व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळा. वण राहणार नाही, अशी हमीही सोबत असते. यातला एक उपाय अर्धा बरोबर आहे. बाकीचे त्रास वाढवतात, आणि तो त्रास चेहऱ्यावर दिसतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी या संदेशाचा पायाच चुकीचा आहे. उपाय केला नाही तर वण राहणार, असं तो धरून चालतो. पण दाढीचं कापणं बहुतेक वेळा अगदी वरवरचं असतं. कायमचा वण उरतो तो जखम त्वचेच्या आतल्या थरात खोल गेली तर. शिवाय दाढीच्या भागात केसांची मुळं दाट असतात आणि त्या मुळांमधल्या पेशीही नवी त्वचा तयार करायला हातभार लावतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर मागे राहतो तो बहुधा वण नसतोच, काळसर डाग असतो. त्वचेचा दाह झाला की तिथल्या पेशी जास्त रंगद्रव्य तयार करतात आणि तो डाग फिका पडायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणजे जखमेची जेवढी आग होईल तेवढी डागाची शक्यता वाढते.

‘तुरटीने जखम भरते.’ तुरटीने रक्त थांबतं, इतकंच खरं. ती प्रथिनं गोठवते आणि पेशी आकसवते. जखम भरून येण्याशी तिचा संबंध नाही. स्वच्छ ओला कपडा मध्ये न उचलता पाच-दहा मिनिटं दाबून धरला तरी रक्त थांबतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोडं जास्त वेळ धरावं लागतं. मला खरी चिंता वाटते ती सलूनमधल्या तुरटीची. पातं नवं घातलं की नाही हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि तुरटीचा तोच खडा दिवसभर कितीतरी कापलेल्या गालांवरून फिरलेला असतो. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो. स्वतःचा खडा घेऊन जा, नाहीतर ‘तुरटी नको’ असं सरळ सांगा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तीही घ्या.

‘लिंबाने जंतू मरतात आणि डाग उजळतो.’ सगळ्या संदेशात हा सल्ला सर्वांत घातक आहे. उघड्या जखमेवर इतकं आंबट काही ओतलं की आग होणारच, पण गोष्ट तिथे थांबत नाही. आपल्या कागदी लिंबात फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी-काळे डाग आठवडे, महिने राहतात. सकाळी लिंबू लावून दुचाकीवरून कामाला निघालेल्या माणसाला नेमकं हेच होऊ शकतं.

हळदीबद्दल आपल्या सगळ्यांना माया आहे, मलाही आहे. पण मसाल्याच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि काहींना तिची ॲलर्जीही येते. टूथपेस्टमधला पुदिन्याचा गारवा हा नुसता भास असतो. तिच्यातला फेस आणणारा घटक जखम चुरचुरवतो.

‘उघडी ठेवा, हवा लागू द्या.’ हा समज इतका मुरलेला आहे की डॉक्टरकडून आलेली माणसंही तो सोडत नाहीत. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं. कारण सोपं आहे: खपली कडक असली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. म्हणून जखम साध्या पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. दिवसातून दोन-तीनदा पुन्हा लावला तरी चालतो.

मग अँटिबायोटिक मलम का नको? अमेरिकेत नऊशेहून जास्त रुग्णांच्या छोट्या शस्त्रक्रियांच्या जखमांवर साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकचं मलम यांची तुलना झाली. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही, पण ॲलर्जी झाली ती फक्त मलमवाल्यांना. आपल्याकडे घरोघरी असतं ते फ्रॅमायसेटिनचं मलम निओमायसिन या अँटिबायोटिकच्याच कुळातलं आहे, आणि निओमायसिन त्वचेच्या ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे.

‘व्हिटॅमिन ई चोळा.’ मायामीत १९९९ मध्ये यावर छोटाच, १५ रुग्णांचा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या वणाच्या एका भागावर साधं मलम आणि दुसऱ्या भागावर व्हिटॅमिन ई मिसळलेलं मलम लावलं. ९० टक्के रुग्णांमध्ये व्हिटॅमिनचा उपयोग झाला नाही किंवा वण आणखी वाईट दिसला, आणि एक तृतीयांश रुग्णांना त्या जागी ॲलर्जीचा दाह झाला.

जखम भरून आली की उन्हात जाताना त्या जागी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. डाग गडद होऊ नये म्हणून याचा खरा उपयोग आहे. खपली धरलीच तर सोलू नका आणि तेवढ्या जागेवरून काही दिवस पातं फिरवू नका. वीस मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, कडा उघड्या राहत असतील, लाली पसरत असेल किंवा पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ज्यांच्या जुन्या जखमांवर जाड, उंचवटलेले वण येतात, त्यांनी जबड्यावरच्या लहान कापण्याकडेही दुर्लक्ष करू नये. तिथे असा जाड वण, म्हणजे केलॉइड, होऊ शकतो, आणि तो सुरुवातीला दाखवला तर त्यावर इलाज करणं सोपं जातं.