दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: हॅशच्या पट्ट्या आणि स्क्रीनशॉटमधून गेलेली एक ओळ

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी रात्री वाचला आणि खरं सांगतो, त्यानंतर नीट झोप लागली नाही. आधी माफी मागतो. तुम्ही आमच्या टूलचं, म्हणजे टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अक्षरांनी चार्ट काढणाऱ्या प्रोग्रामचं, लायसन्स विकत घेतलं, कामाच्या घाईत एक हिस्टोग्राम (कुठल्या टप्प्यात किती नोंदी ते दाखवणारा चार्ट) काढायला गेलात आणि समोर जे आलं त्यातून तुम्हाला काहीच कळलं नाही, तर ती चूक टूलची, म्हणजे माझीच. कमांड टाकली, एकही फ्लॅग (जास्तीचा पर्याय) दिला नाही, तरी पहिलाच चार्ट वाचता यायला हवा, याबद्दल आपलं दुमत नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. रिव्ह्यूत म्हटलंय की पट्ट्या हॅशच्या (#) चिन्हांनी काढल्यात, रंग नाही, चार्ट अर्ध्या स्क्रीनवरच संपतो, पट्ट्यांमध्ये मोकळी जागा नाही, बिन (म्हणजे डेटाचे टप्पे, दर टप्प्याला एक पट्टी) दहाच आणि त्यातला पहिला गच्च भरलेला, उरलेले नऊ रिकामे. आणि शेवटी, ‘मेल केला तर उत्तरही नाही, बनवणाऱ्याने हा चार्ट स्वतः कधी डोळ्यांनी बघितलाय की नाही?’

बिनचं मान्य आहे, त्यावर खाली लिहितो. पण हे शेवटचं वाक्य फार लागलं, आणि हॅशबद्दल जे लिहिलंय ते अर्धवट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगू द्या.

तुमचा मेल शुक्रवारी रात्री ११:४० ला आला. शनिवारी सकाळी ९:१५ ला मी उत्तर पाठवलं, त्यात एकच गोष्ट विचारली होती, की लोकेल (मशीनची भाषा आणि अक्षरांची सेटिंग दाखवणारी) कमांड चालवून जे छापलं जातं ते पाठवाल का. रविवारी दुपारी परत लिहिलं, कारण तोवर तुमचा चार्ट जसाच्या तसा माझ्या मशीनवर काढून झाला होता आणि कारण सापडलं होतं. म्हणजे शनिवार-रविवार मी तोच चार्ट डोळ्यांनी बघत बसलो होतो. दोन्ही मेल माझ्याकडे पाठवलेल्यांत दिसतायत. तुमच्याकडे स्पॅममध्ये गेले असतील तर तुमचा दोष नाही, पण मग ‘उत्तर मिळालं नाही’ आणि ‘उत्तर दिलंच नाही’ यात फरक आहे ना, तेवढा तरी ठेवायचा होता.

आता हॅश का आले. तुम्ही टूल कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या बांधलेल्या छोट्या वातावरणात, चालवलं होतं. अशा आटोपशीर कंटेनर इमेजमध्ये बहुतेक वेळा लोकेल सेट केलेलं नसतं, म्हणजे प्रोग्रामला कळतं ते एवढंच की समोर साधं अ‍ॅस्की आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि मोजकी चिन्हं, यूटीएफ-८ ची (जगभरातली सगळी अक्षरं-चिन्हं लिहायच्या पद्धतीची) खात्री नाही. अशा वेळी आमचं टूल मुद्दाम मागे येतं आणि ब्लॉकच्या (█, भरीव चौकोनाच्या) ऐवजी हॅश वापरतं. हे आळसाने केलेलं नाही. युनिकोडमधला (सगळ्या लिप्या-चिन्हांच्या जागतिक यादीतला) भरीव ब्लॉक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो, आणि टर्मिनलला यूटीएफ-८ कळत नसेल तर त्या एका ब्लॉकच्या जागी तीन फालतू अक्षरं उमटतात, म्हणजे ६० ब्लॉकची पट्टी १८० अक्षरांचा कचरा होऊन पुढच्या ओळींवर सांडते. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये आम्ही सरसकट ब्लॉक छापायचो, तेव्हा जुन्या सर्व्हरच्या कन्सोलवर काम करणाऱ्या लोकांचे असे कचऱ्याचे स्क्रीनशॉट यायचे आणि त्यांना रात्री अडीचला सर्व्हर पडलेला असताना तो चार्ट हवा असायचा. त्यांच्यासाठी हा मागे येण्याचा मार्ग ठेवलाय आणि तो मी काढणार नाही, सॉरी.

रंगाचं आणि रुंदीचं कारणही तेच. कंटेनर टर्मिनल न जोडता चालवला की टूलच्या दृष्टीने समोर माणूस बसलेला नाही, आउटपुट कुठल्यातरी फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामकडे) चाललंय. मग रंगाचे कोड टाकले तर फाइलमध्ये चौकटी कंसांची घाण होते, म्हणून रंग बंद, आणि खिडकीची रुंदी विचारायला कोणी नाही म्हणून ८० कॉलम. ८० हा आकडाही आमच्या मनचा नाही, १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० कॉलम आणि २४ ओळी होत्या आणि त्याच्याही आधी आयबीएमच्या पंच कार्डांवर ८० कॉलम होते, तिथून सगळी टूल्स तो धरून चालतात.

आणि हे सगळं टूल गुपचूप करत नाही! चार्टच्या खाली एक ओळ छापतं: यूटीएफ-८ सापडलं नाही, साधी अक्षरं वापरतोय, बदलायचं असेल तर अमुक सेटिंग करा. तुम्ही मला मेलमध्ये जो स्क्रीनशॉट पाठवला त्यात ही ओळ स्वच्छ दिसतेय. रिव्ह्यूला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये चार्ट तोच, आकडे तेच, फक्त खालून कापलेला आणि ती ओळ नाही. मुद्दाम कापलीत असं मी म्हणत नाही, चौकोनात बसवताना जाऊ शकते. पण वाचणाऱ्याला वाटतं की हे टूल असंच दिसतं, सगळीकडे, कायम, आणि तसं नाहीये. यूटीएफ-८ कळणाऱ्या नेहमीच्या टर्मिनलवर ते भरीव ब्लॉक वापरतं, पट्टीच्या टोकाला अष्टमांश ब्लॉकही, म्हणजे एका कॉलमच्या आत आठ पायऱ्या. तुमच्याच डेटावर हिशोब सांगतो. पहिल्या बिनमध्ये साधारण १८,००० नोंदी आणि पट्टीला ६० कॉलम, म्हणजे एका हॅशमागे ३०० नोंदी. तेच ब्लॉक असते तर एका पायरीमागे ३७-३८. एवढा फरक असताना हॅशवाल्या चित्रावरून डिफॉल्ट कसं आहे ते ठरवलं गेलं, याचं वाईट वाटतं.

एवढं बोललोच आहे तर पट्ट्या चिकटलेल्या का तेही सांगतो. हिस्टोग्राममध्ये पट्ट्या चिकटूनच असतात, कारण अक्षावरची राशी सलग असते, एक बिन जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. मध्ये फट ठेवली की ती रिकामी जागा म्हणजे तिथे डेटाच नाही असा अर्थ निघतो. वेगवेगळ्या प्रकारांचे बार चार्ट असतात त्यात फट ठेवतात, तिथे आमचं टूलही ठेवतं.

आता जिथे तुमचं बरोबर आहे तिथे येतो. दहा बिन हे डिफॉल्ट वाईट आहे. नमपायमध्येही (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) काही न सांगितलं तर दहाच मिळतात, आम्ही तेव्हा तेच उचललं आणि परत त्याकडे नीट बघितलं नाही, ही आमची चूक. तुमच्या लॉगमधला (सर्व्हरच्या नोंदवहीतला) रिस्पॉन्स टाइम, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर द्यायला लागलेला वेळ, ३ मिलिसेकंदांपासून ४१ सेकंदांपर्यंत पसरलाय, त्याचे दहा भाग केले तर एकेक बिन ४.१ सेकंदांचा, आणि बहुतेक सगळ्या रिक्वेस्ट अर्ध्या सेकंदाच्या आत संपलेल्या, मग त्या पहिल्याच बिनमध्ये जाऊन बसणार. फक्त एक सांगतो, ‘बिन वाढवा, काय अवघड आहे’ असं तुम्ही लिहिलंय, ते तितकं सरळ नाही. नोंदी किती त्यावरून बिन किती ते ठरवणारा स्टर्जेसचा १९२६ चा नियम लावला, जो संख्याशास्त्राच्या आर भाषेत डिफॉल्ट आहे, तर १८,००० नोंदींना १६ बिन येतात, म्हणजे एकेक अडीच सेकंदांचा, चित्र तेच राहतं. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा १९८१ चा नियम लावला, तो मधल्या निम्म्या डेटाच्या पसाऱ्यावरून रुंदी ठरवतो. तुमच्या डेटात तो पसारा ९० मिलिसेकंदांच्या आसपास आहे, त्यावरून बिनची रुंदी येते जेमतेम ७ मिलिसेकंद, आणि ४१ सेकंदांत असे सहा हजाराच्या घरात बिन बसतात. दर बिनला एक ओळ लागते आणि टर्मिनलला ओळी २४. म्हणजे एका नियमाने चित्र मुकं होतं आणि दुसऱ्याने ते स्क्रीनवर मावतच नाही. अशा लांब शेपटीच्या डेटाला एकतर लॉग स्केल (लॉगरिदमचं, जिथे दर पायरीला आकडा काही पटींनी वाढतो) लागतं किंवा शेपटी एका ‘यापेक्षा जास्त’ अशा शेवटच्या बिनमध्ये गोळा करावी लागते, आणि हे टूलने आपणहून ठरवायचं की माणसाला विचारायचं यावर आमचं अजून चाललंय. मला वाटतं ठरवावं आणि खाली ओळीत सांगावं, माझ्या जोडीदाराला वाटतं की न विचारता स्केल बदललं तर लोक चुकीचा निष्कर्ष काढतील. त्याचंही खोटं नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण माझ्या मते तीच सगळ्यात गंभीर आहे. ते नऊ बिन खरं तर रिकामे नव्हते. शेवटच्या बिनमध्ये २ नोंदी होत्या, त्या ४० सेकंदांच्या वरच्या रिक्वेस्ट, ज्या शोधायलाच तुम्ही बसला होतात. पट्टीची लांबी काढताना त्या शून्यावर आल्या आणि शेजारी आकडाही नव्हता, म्हणून दिसल्या नाहीत. हॅशच्या जागी अष्टमांश ब्लॉक असते तरी आल्या नसत्या, २ नोंदी म्हणजे एका पायरीच्याही खूप खाली. इथे मी काही सबब सांगत नाही. ज्या बिनमध्ये काहीतरी आहे तो रिकामा दाखवणं चूक आहे, चुकीचा चार्ट आहे तो. याबद्दल मनापासून माफी मागतो.

आम्ही दोघंच आहोत हो, मी आणि हा जोडीदार, आणि घर याच लायसन्सवर चालतं. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन जणांनी घ्यायच्या आधी तोच पुढे करून विचारलंय की हे खरंय का, त्यातल्या एकाने मग घेतलंच नाही. तुम्ही वाईट हेतूने लिहिलंत असं नाही, रागाच्या भरात माणूस लिहितो, मीही लिहिलं असतं. पण दोन स्टारमागे काय काय असतं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

पुढच्या रिलीजमध्ये रिकामा नसलेल्या प्रत्येक बिनला किमान एक बारीक रेघ आणि शेजारी आकडा, हे नक्की, ते कालच लिहून झालंय. बिनची संख्या डेटा बघून ठरेल, नियम कुठला ते बघतोय. डेटा पूर्णांकांचा असेल तर बिनची रुंदीही पूर्णांक ठेवायची आहे, कारण १ ते २५ चे दहा भाग केले की पाच बिनना तीन-तीन आकडे मिळतात आणि पाचांना दोन-दोन, आणि सपाट डेटालाही खोटे दात दिसतात, हे दुसऱ्या एका ग्राहकाने मागे दाखवलं होतं आणि ते राहूनच गेलं. बिनच्या सीमा ४.१, ८.२ अशा न येता गोल आकड्यांवर याव्यात, हॅशवाल्या रूपाचंही काहीतरी करू, निदान ती खालची ओळ वर चार्टच्या आधी आणू म्हणजे कापली जाणार नाही. रंगांचं बघतोय.

रिफंड हवा असेल तर आजच देतो, रिव्ह्यू बदला अशी अट नाही. फक्त स्क्रीनशॉट पूर्ण लावता आला तर लावा, आणि मेलच्या स्पॅममध्ये एकदा बघा, रविवारच्या मेलमध्ये कंटेनरसाठी लागणारी ती एक ओळ लिहिलेली आहे, ती टाकून, टर्मिनल जोडून, तोच लॉग परत एकदा चालवा आणि काय दिसतं ते मला कळवा.