वोट बँक वोट बँक म्हणता, पासबुक कोणाकडे आहे?

"ते एकगठ्ठा टाकतात भाऊ, आपलेच फुटतात." धुळ्यात हे इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं "ते" (म्हणजे मुसलमान) म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. पुरावा काय तर 2024 ची लोकसभा. पाच विधानसभांमध्ये मिळून भाजपचे भामरे 1 लाख 90 हजाराच्या आसपास पुढे, सहावी, मुस्लिमबहुल मालेगाव मध्य मोजली अन् तिथे काँग्रेसच्या बच्छाव ताईंना 1 लाख 94 हजाराचं लीड, सीट गेली 3831 मतांनी. झालं, 'व्होट जिहाद' राज्यभर सुरू.

बरं, मान्य. पण त्याच मालेगाव मध्यमध्ये सहा महिन्यांच्या आत विधानसभा झाली ना? मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख, दोन्ही मुसलमान, अन् निकाल लागला 162 मतांनी! कुठे गेला गठ्ठा? तेच मोहल्ले, तेच पॉवरलूमवाले. लोकसभेला धाक वाटला म्हणून एका जागी आले, विधानसभेला तो धाक नव्हता तर गटातटात फाटले, जसे आपण शिंदखेड्यात नाहीतर साक्रीत सोसायटीच्या इलेक्शनला सख्ख्या चुलत्याविरुद्ध पॅनल टाकतो तसेच. म्हणजे गठ्ठा धर्मानं बांधला जात नाही, भीतीनं बांधला जातो. आणि हे पुढाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून तर 8 नोव्हेंबर 2024 ला मोदींची राज्यातली पहिली प्रचारसभा आपल्या धुळ्यात झाली आणि "एक हैं तो सेफ हैं" इथूनच ऐकवलं. त्यांनी एकत्र मत दिलं तर जिहाद, आपल्याला स्टेजवरून तेच करायला सांगितलं तर एकी, हे गणित मला तरी जमत नाही बुवा.

दुसऱ्या बाजूचं पण बोलू. ज्यांना ही मतं आयती पडली त्या महाविकास आघाडीनं राज्यातल्या लोकसभेच्या 48 पैकी एका तरी जागी मुसलमान उमेदवार दिला का? नाही. मतं घेताना भाईजान, तिकीट मागितलं की "सीट निघणार नाही". भीती दाखवून मतं घ्यायची असली की काम करून दाखवायची गरजच उरत नाही, दोघांनाही.

आपल्याकडे खुनी गणपती आहे. नाव पडलं 1895 ला मशिदीसमोर झालेल्या दंग्यावरून, अन् आज पालखी त्याच मशिदीसमोर थांबते, आरती होते, मुस्लिम मंडळी फुलं उधळतात (हल्ली फोटोत पुढाऱ्यांचीच गर्दी जास्त, ते असो). आणि याच गावात जानेवारी 2013 ला हॉटेलच्या बिलावरून पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. गाव तेच आहे राव, दोन्ही जमतं त्याला.

त्या विधानसभेच्या वेळी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 होता आणि दारात येणारा खेडा खरेदीवाला सात हजाराच्या वर तोंड उघडत नव्हता, वरून वजनात कटती. आमच्याकडच्या कॉर्नर सभेत उमेदवार धर्म किती धोक्यात आहे ते सांगत होता. मागून एक म्हातारबा ओरडले, "ते ऱ्हाऊ दे, कापूसले भाव कितला देशी ते सांग ना भो!" कार्यकर्त्यांनी डीजे लावून दिला.